नोकरी सोडायची, पण हिशेब मांडून

‘काय हो वहिनी, तुमची पुण्याची लेक नोकरी करतेय अजून, की बसली घरी?’ लग्नकार्यात, हळदीकुंकवाला हा प्रश्न हमखास कानावर पडतो. विचारणारीच्या मनात वाईट काही नसतं. पण ‘बसली घरी’ हे शब्द ऐकले की मला हसूच येतं. दोन वर्षांचं मूल घरात असलेली बाई बसलेली कुणी पाहिलीय का? सकाळी साडेपाचला उठलेली ती रात्री अकरापर्यंत कुठे टेकत नाही, आणि आपण खुशाल म्हणायचं, बसली!

मैत्रिणींनो, आज या ‘बसण्या’बद्दलच बोलू या. कराड, बार्शी, संगमनेर, चाळीसगाव... कुठल्याही गावात जा, गल्लीतली एक तरी मुलगी इंजिनिअर होऊन पुण्याला गेलेली असते. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा ही नावं आता गावाकडच्या आयांनाही पाठ झाली आहेत. मुलीचं लग्न होतं, दोघांच्या पगारावर फ्लॅट घेतला जातो, हप्ते सुरू होतात, बाळ होतं. आणि मग एक दिवस गावाकडे फोन येतो. कधी तो असतो, ‘आई, तू सहा महिने येतेस का गं इकडे?’ आणि कधी असतो, ‘आई, मी राजीनामा देतेय.’ या दुसऱ्या फोनने आईच्या पोटात कालवाकालव होते. एक मन म्हणतं, बरं झालं, लेकराला आई मिळेल. दुसरं म्हणतं, हिच्या शिक्षणासाठी आपण पाटल्या मोडल्या होत्या, त्याचं काय?

मी पुण्यात एका महिला मंडळाच्या सल्ला केंद्रात आठवड्यातून दोन दिवस जाते. पूर्वी येणाऱ्या बायकांची दुखणी ठरलेली असत. नवऱ्याची दारू, मारहाण, हुंड्याचा जाच. ती अजूनही आहेतच. पण अलीकडे चांगल्या घरातल्या, चांगल्या पगाराच्या मुलीही येऊन बसतात. घरी कुणी हात उचलत नाही, खायला-प्यायला भरपूर आहे. पण खुर्चीत बसली की रडू थांबत नाही.

वाकडला राहणारी अशी एक मुलगी. तिचं नाव सांगत नाही. हिंजवडीत टीम लीडर. अंतराने ऑफिस अगदी जवळ, पण वाकडच्या पुलापाशी संध्याकाळी गाड्यांची जी रांग लागते ती ज्याने पाहिलीय त्यालाच कळेल. पाळणाघर सातला बंद. सात वाजून दहा मिनिटं झाली की पाळणाघराच्या ताईंचा चेहरा बदलतो. घरी येऊन पोळ्या लाटेपर्यंत अमेरिकेतल्या लोकांची सकाळ होते, की यांचे फोन सुरू. ती म्हणाली, ‘मावशी, माझं मूल मला जागं असं शनिवार-रविवारीच दिसतं.’ मी विचारलं, ‘मग ठरवलं काय आहे?’ म्हणाली, ‘सोडायचं ठरलंय.’

‘ठरलंय’ म्हणाली, ‘ठरवलंय’ नाही. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की तिचा पगार नवऱ्यापेक्षा दोन हजारांनी जास्त आहे. पण नोकरी दोघांपैकी कुणी सोडायची, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारलाच नव्हता. सासूबाई म्हणाल्या, ‘शेवटी आई ती आईच.’ तिची स्वतःची आईही तेच म्हणाली. नवरा बिचारा काहीच बोलला नाही. त्याचं न बोलणं हाच निकाल.

हा विषय निघाला की आपल्याकडे एक उदाहरण हटकून दिलं जातं, सुधा मूर्तींचं. लीना सोहोनींच्या अनुवादांमुळे त्यांची पुस्तकं मराठी घराघरात पोचली आहेत. ‘बघा, एवढी शिकलेली बाई, पण संसारासाठी सगळं सोडलं,’ असं सुनांना ऐकवलं जातं. पण ती गोष्ट वर्षं लावून नीट पाहिली तर चांगलीच वेगळी दिसते. शिवाय तिचा बराचसा भाग आपल्या पुण्यातच घडला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९७४ साली सुधा कुलकर्णी बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होत्या. टेल्को कंपनीची जाहिरात लागली, त्यात स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं. त्यांनी सरळ जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. मुलाखतीला पुण्याला बोलावणं आलं आणि टेल्कोत त्या पहिल्या स्त्री इंजिनिअर म्हणून रुजू झाल्या. पुण्यातच नारायण मूर्तींशी ओळख झाली, १९७८ मध्ये लग्न झालं. एप्रिल १९८० मध्ये हुबळीला, माहेरी, अक्षताचा जन्म झाला. तेव्हा दोघंही मुंबईत नोकरीला होते. दोन महिन्यांच्या बाळाला मुंबईला आणलं, पण लवकरच कळून चुकलं की तान्हं मूल आणि दोन नोकऱ्या हे काही जमत नाही. मग काय केलं? पोरीला हुबळीला आजी-आजोबांकडे ठेवलं. नारायण मूर्तींनी मुलीला लिहिलेल्या पत्रात हे सगळं आहे. ते दर आठवड्याला विमानाने बेळगावला जात आणि तिथून भाड्याची गाडी करून हुबळी गाठत. परवडणारं नव्हतं, पण लेकीला पाहिल्याशिवाय राहवत नव्हतं.

मूल आजी-आजोबांकडे ठेवलं म्हणून हल्लीच्या मुलींना आपण किती बोल लावतो! आणि ज्यांचा दाखला देतो त्यांनीही तेच केलं होतं, हे सोयीस्कर विसरतो.

१९८१ मध्ये सात जणांनी मिळून इन्फोसिस सुरू केली. त्यासाठी सुधाताईंनी साठवलेले दहा हजार रुपये दिले, ही गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक आहे. मॉडेल कॉलनीतलं कर्ज काढून घेतलेलं घर हेच कंपनीचं ऑफिस. १९८२ मध्ये त्यांनी टेल्को सोडली. पण कमाई सोडली का? नाही! नवऱ्याला पगार नव्हता. घर चालावं म्हणून त्यांनी पुण्यातच वालचंद समूहात नोकरी धरली. वर इन्फोसिसची कारकुनी, स्वयंपाक आणि प्रोग्रॅमिंग तीनही सांभाळलं. १९८३ मध्ये हुबळीला मुलगा झाला, रोहन. तो दहा दिवसांचा असताना वडील कामासाठी अमेरिकेला गेले ते वर्षभर दिसले नाहीत. बाळाला त्वचेचा त्रास, त्यामुळे बाळाला घेऊन त्यांना तिकडे जाताही येईना.

खरा सोडण्याचा प्रसंग आला तो यानंतर, कंपनी बंगळुरूला गेल्यावर. सहकाऱ्यांपैकी नंदन नीलेकणींनी सुचवलं की सुधाताईंनीही कंपनीत यावं. नारायण मूर्ती म्हणाले, नवरा-बायको दोघं एका कंपनीत नकोत. तुला यायचं असेल तर मी बाहेर पडतो. त्यांना धक्का बसला. शिक्षण होतं, अनुभव होता. समजून घ्यायला त्यांना दोन-चार दिवस लागले, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. कंपनी उभी करायची तर एकाला चोवीस तास द्यावे लागणार, मग घर आणि मुलं कुणी पाहायची? त्यांनी घर निवडलं. आणि तो मोठा त्याग होता, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलं. ‘मला काही वाटलं नाही’ असा आव आणला नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजात शिकवणं, लेखन, १९९६ पासून इन्फोसिस फाउंडेशन, २००६ मध्ये पद्मश्री, २०२३ मध्ये पद्मभूषण, २०२४ मध्ये राज्यसभा. पण मला जास्त महत्त्वाची वाटली ती २०२४ च्या जानेवारीतली एक मुलाखत. तिच्यात नारायण मूर्तींनी जाहीरपणे सांगितलं की सुधाला कंपनीबाहेर ठेवलं ही माझी चूक होती, आणि ती माझ्यापेक्षा आणि बाकीच्या संस्थापकांपेक्षाही जास्त पात्र होती. चाळीस वर्षांनी का होईना, पण कबूल केलं. किती घरांत असं कबूल केलं जातं, सांगा बरं?

म्हणजे सुनेला ऐकवायची गोष्ट ‘तिने सगळं सोडलं’ ही नाहीच. एक मोठी नोकरी सोडताना दुसरी हातात होती. लेकराला सांभाळायला हुबळीचं घर भक्कम उभं होतं. निदान ‘तू की मी’ हा प्रश्न मोठ्याने विचारला गेला, भले उत्तर आधीच ठरल्यासारखं असेल. आणि त्या अगदी रिकाम्या हाताने घरात राहिल्या असं एकही वर्ष त्या हकिगतीत ठळक दिसत नाही. आपल्या वाकडच्या मुलीकडे यातलं काय होतं? जवळजवळ काहीच नाही.

मग वाटतं, दोष नक्की कुणाचा? नुसतं सासूला किंवा नवऱ्याला बोलून भागणार नाही. अमेरिकेतल्या क्लॉडिया गोल्डिन या बाईंना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दोनशे वर्षांच्या नोंदी चाळून त्यांनी बायकांच्या नोकऱ्यांचा अभ्यास केलाय. त्या सांगतात की काही नोकऱ्या हावऱ्या असतात. जो रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशीही हजर राहील त्याला त्या भरमसाट जास्त पैसे देतात. घरात मूल आलं की दोघांनीही अशी नोकरी करणं शक्य नसतं. मग एक जण हावरी नोकरी धरतो, दुसरी जरा सवडीची धरते किंवा सोडून देते. पहिलं मूल होईपर्यंत पगारात फारसा फरक नसतो, तो तिथून पुढे वाढत जातो. हे वाचलं तेव्हा मला आमची हिंजवडीच डोळ्यांसमोर आली! कामाचं कौतुक नाही असं नाही. पण पोळपाट-लाटण्याच्या वेळेला ज्या नोकरीचा फोन वाजतो, ती नोकरी पोरं असलेल्या माणसासाठी बेतलेलीच नाही. मग ते माणूस बाई असो की पुरुष.

आणि हे फक्त तान्ह्या बाळापुरतंच असतं असंही नाही. अ‍ॅन-मरी स्लॉटर या अमेरिकन बाई २००९ मध्ये तिथल्या परराष्ट्र खात्यात फार मोठ्या पदावर गेल्या. त्या पदावरची ती पहिलीच स्त्री. आठवडाभर वॉशिंग्टनला, शनिवार-रविवार घरी. घरी नवरा मुलांना नीट सांभाळत होता. तरी दोन वर्षांनी, २०११ मध्ये, त्या परत आल्या. कारण होतं वयात येऊ लागलेले दोन मुलगे. त्यावर त्यांनी २०१२ मध्ये लिहिलेला लेख जगभर गाजला, त्यावर भांडणंही पुष्कळ झाली. माझं लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. परत येऊन त्या घरी नव्हत्या थांबल्या, विद्यापीठात पुन्हा पूर्णवेळ शिकवू लागल्या. फरक इतकाच की तिथलं वेळापत्रक त्यांच्या हातात होतं. आपल्याकडेही बघा, बाळ लहान असताना आजी असते, पाळणाघर असतं, सगळे मदतीला धावतात. आठवी-नववीतल्या मुलाजवळ मात्र कुणी नसतं. तो बिचारा किल्लीने दार उघडून घरात शिरतो आणि मोबाइल घेऊन बसतो. आमच्या केंद्रात येणाऱ्या कितीतरी आया म्हणतात, ‘मावशी, लहान होता तेव्हा सोडली नोकरी, आणि आता खरी गरज आहे तेव्हा पुन्हा कामाला लागावं लागलंय.’

बाप घरात राहिला तर? काही आभाळ कोसळत नाही. याचंही उदाहरण पुण्यातलंच आहे. ओतूरचे डॉ. अनिल अवचट. बी. जे. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेला माणूस, पण डॉक्टरकीत रमला नाही, लिहिण्याकडे वळला. पत्नी डॉ. सुनंदा येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरीला. घरात ठरलेला पगार यायचा तो त्यांचा. मुक्ता आणि यशोदा या दोन मुलींच्या जवळ दिवसभर असायचा तो बाबा. मुलींचं करणं, स्वयंपाक, घरकाम याबद्दल अवचटांनी किती आनंदाने लिहून ठेवलंय! आता कुणी म्हणेल, त्यांनी डॉक्टरकी सोडली ती काही मुलींसाठी नव्हे. खरंय. पण घराची घडी त्यांनी अशी बसवली की एकाला घराबाहेर पूर्ण लक्ष घालता आलं. त्याच सुनंदाताईंनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. १९९७ मध्ये त्या गेल्या, २०२२ मध्ये बाबाही गेले. मुक्ता आज मुक्तांगण सांभाळते. ज्या बायकांचे नवरे मुक्तांगणमधून बरे होऊन घरी परतले, त्यांच्यापैकी काही तुमच्या गावातही असतील.

पण अवचट एखादेच. सरकारने २०२४ मध्ये लोकांच्या वेळेची मोजणी केली. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ८८. हे ८८ सुद्धा जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचे. जे लावतच नाहीत ते या सरासरीत धरलेलेच नाहीत! बाई नोकरी सोडते तेव्हा तिला वाटतं, आता हा वेळ मुलाला मिळेल. प्रत्यक्षात काय होतं? स्वयंपाकाची बाई बंद होते, कारण आता ‘तू आहेस ना घरी’. सासऱ्यांचं दवाखान्यात नेणं, गॅसवाला, सोसायटीची मीटिंग, नणंदेच्या मुलाची अ‍ॅडमिशन... सगळं तिच्याकडे येतं. माझ्या ओळखीतल्या एकीची नऊ वर्षांची मुलगी सहा महिन्यांनी तिला म्हणाली, ‘आई, तू ऑफिसला जायचीस तेव्हा रात्री माझ्याशी खेळायचीस तरी. आता नुसती ओरडतेस.’ म्हणून मी मुलींना सांगते, ज्यासाठी सोडतेयस तो वेळ आधी राखून ठेव. दुपारी साडेतीन ते सहा मुलाचे, त्या वेळात गॅसवाला आला तरी दार दुसऱ्याने उघडायचं. हे नवऱ्यासमोर, सासूसमोर बोलून घे. मनातल्या मनात ठरवून काही होत नाही.

आता पैशाचं. हा विषय निघाला की आपल्या बायकांना संकोच वाटतो. मुलासाठी सोडायची, त्यात पैशाचा काय हिशेब? पण आमच्या केंद्रात दहा वर्षांनी जी रडारड होते ती याच संकोचातून आलेली असते.

एकीने चार वर्षं चार महिने झाले असताना राजीनामा दिला. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, आणि बाळंतपणाची रजाही त्यात धरली जाते. आणखी आठ महिने कसेबसे निभावले असते तर चांगली रक्कम हातात आली असती. हे तिला ऑफिसात कुणी सांगितलं नाही, घरात कुणाला माहीत नव्हतं. तसंच पेन्शनचं. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. त्याआधी सोडली तर मुली ते पैसे काढून घेतात आणि बाळाच्या बारशात खर्च करतात. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागून घ्यावं. पुढे पुन्हा नोकरी लागली की जुनी वर्षं त्यात मोजली जातात. बारसं काय, साधंही होतं!

दुसरी गोष्ट घराची. सहा वर्षं हप्ते दोघांच्या पगारातून गेले आणि घर एकट्या नवऱ्याच्या नावावर, असं मी किती वेळा पाहिलंय. राजीनामा देण्याआधी घराच्या कागदावर तुझं नाव आहे का ते बघ, असं आपल्या लेकीला जरूर विचारा. घर अजून घ्यायचंच असेल तर तेव्हाच बोलावं. २०२१ च्या एप्रिलपासून महाराष्ट्र सरकारने स्त्रीच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली, तेव्हा नवऱ्यालाही ही गोष्ट गोड लागते. आणि पोस्टात जाऊन स्वतःच्या नावाचं पीपीएफ खातं उघडावं. वर्षाला पाचशे रुपयांपासून दीड लाखापर्यंत भरता येतात. ते पैसे कुठून यायचे? घरातूनच. ती जे काम करणार आहे ते बाहेरून करून घेतलं असतं तर काय पडलं असतं, हा आकडा एकदा कागदावर मांडून बघा. त्याच्या चौथा हिस्सा तिच्या खात्यात गेला तरी तक्रार नाही.

आणि सोडायच्या आधी रजा! आपल्या हक्काच्या रजा आपल्यालाच माहीत नसतात. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं, असंही त्यात आलं. पुढे हीच तरतूद नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतली गेली. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बायकांना २००८ पासून मुलांच्या संगोपनासाठी ७३० दिवसांची रजा आहे. आपल्या राज्य सरकारने २०१८ मध्ये १८० दिवस दिले, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना आणि शिक्षिकांनाही. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत ती घेता येते. म्हणजे दहावीच्या वर्षीही! तुमच्या गावातल्या किती शिक्षिकांनी ही रजा मागितली, विचारून बघा. काही जणी मुख्याध्यापकांच्या कपाळावरची आठी बघूनच गप्प बसतात.

परतीची वाटही जातानाच बघून ठेवावी. विज्ञानात पदव्युत्तर शिक्षण झालेल्या आणि घरासाठी थांबलेल्या बायकांकरता केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ पासून खास योजना आणल्या, संशोधनाकडे परत येण्यासाठी. टाटा समूहानेही २००८ मध्ये खंड पडलेल्या बायकांसाठी कार्यक्रम सुरू केला होता. पण अशा दारांपाशी पोचायला ओळखी जिवंत हव्यात. वर्षातून चार वेळा जुन्या सहकाऱ्यांना भेटणं, एखादी परीक्षा, एखादं अर्धवेळ काम. दोन वर्षं थांबलेली बाई लवकर परतते. आठ वर्षं थांबलेलीला मुलाखतीत पहिला प्रश्न विचारतात, ‘मधे काय करत होतात?’ आणि ती म्हणते, ‘काही नाही, घरीच होते.’

एक गोष्ट मात्र बोलून दाखवतेच. नोकरी सोडू की नको, हा प्रश्न पडणं हीसुद्धा एक चैनच आहे. आमच्या केंद्राच्या मागच्या वस्तीतली एकजण चार घरची धुणीभांडी करते. तिचं पोर पाच वर्षांचं. सकाळी काही तास अंगणवाडीत, नंतर वस्तीत. तिने पोरासाठी काम सोडलं तर पोरच उपाशी राहील. वाकडच्या ताईची नोकरी चालते ती अशा बाईच्या जिवावर. दोघींची मुलं एकाच वेळी आईची वाट बघत असतात, आणि आपल्या चर्चेत मात्र एकीच्याच मुलाचं नाव असतं. तिला पगारी रजेचे महिन्याला दोन दिवस तरी मिळतात का, हेही वाकडला विचारलं मी. नव्हते मिळत. आता मिळतात.

वाकडच्या मुलीचं काय झालं ते सांगते. मी तिच्या आईला फोन लावायला सांगितला. आई साताऱ्याकडच्या एका गावची, निवृत्त शिक्षिका. बाई कडक. तिने लेकीला सुनावलं, ‘मी येते, पण जूनपर्यंतच. दुपारी दोन ते चार मला झोप लागते, त्या वेळात पोराला जावयाने नाहीतर तू बघायचं. आणि रविवारी मला कुठलंही काम सांगायचं नाही.’ जावयांना आधी राग आला. मग त्यांनीच ऑफिसात विचारून आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागून घेतलं. तिनेही वरिष्ठांना राजीनाम्याऐवजी दुसरं काम मागितलं, अमेरिकेच्या फोनांशिवायचं. पद एक पायरी खाली आलं, पगारही. त्याचं तिला वाईट वाटतं आणि ती ते लपवत नाही. राजीनाम्याचं पत्र अजून तिच्या पिशवीत आहे. जूननंतर काय, ते जूनमध्ये बघू म्हणते.

परवा तिचा फोन आला होता. आपल्या भागात रात्री साडेसातपर्यंत उघडं राहणारं पाळणाघर कुठे आहे का, विचारत होती. मी म्हटलं, ‘तुला उशीर होतो का अजून?’ म्हणाली, ‘मला नाही हो मावशी. आता संध्याकाळी त्याला आणायचं काम ह्यांच्याकडे आहे, आणि पूल काही ह्यांच्यासाठी मोकळा होत नाही.’